सुरक्षा पुरस्काराचा ऑनलाइन अर्ज: मदत कुठे मिळेल?

कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या फौंड्रीवाल्यांना राष्ट्रीय सुरक्षा पुरस्काराचा अर्ज भरायचा म्हटलं, की आधी एजंट आठवतो. त्याची खरं तर गरज नाही. १९६५ पासूनची ही केंद्र सरकारची योजना. ती ‘डीजीफासली’ ही केंद्रीय श्रम मंत्रालयाची संस्था चालवते आणि अर्जही तिच्याच संकेतस्थळावर असतो.

घोडं अडतं ते बहुधा अपघात-वारंवारतेच्या आकड्यावर. नोंदपात्र अपघात गुणिले दहा लाख, भागिले एकूण मनुष्य-तास. समजा, वर्षाला २४०० तासांप्रमाणे २०० कामगार, म्हणजे ४.८ लाख तास. त्यात एक अपघात झाला, तर दर येतो २.०८. ज्यामुळे माणूस ४८ तास किंवा अधिक कामावर येऊ शकत नाही, तो अपघात नोंदपात्र. ग्राइंडिंगला डोळ्यात कण गेला आणि गडी तीन दिवस घरी बसला, तर तोही यात आला. कंत्राटी कामगारांचे तास आणि अपघात दोन्ही धरा. एक घेऊन दुसरं सोडणं ही निव्वळ चलाखी.

हा हिशेब पगारपत्रक आणि अपघात-नोंदवहीतूनच निघतो, त्यामुळे टाइम ऑफिसचा कारकून इथं सल्लागारापेक्षा उपयोगी. नियमांबाबत शंका असेल, तर राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या कोल्हापूर कार्यालयात विचारावं. नवी मुंबईच्या राष्ट्रीय सुरक्षा परिषदेचे पुरस्कार वेगळे असतात, त्यांचा अर्जही वेगळा.