परसातल्या शेडला वीज नेताना

घरामागच्या शेडमध्ये दिवा लागला की वायरिंग झालं, असं आपण धरून चालतो. पण दिवा चुकीच्या वायरिंगवरही लागतो. चूक कळते ती पावसाळ्यात, ओल्या फरशीवर उभं राहून ग्राइंडर हातात घेतल्यावर. म्हणून हे पाच समज आधीच तपासून घ्या.

गैरसमज १ : घरातल्या प्लगवरून वायर ओढली की भागतं.
वस्तुस्थिती : शेड ४० मीटरवर असेल तर करंटची जाण्यायेण्याची वाट ८० मीटरची होते. २.५ चौ. मिमी तांब्याच्या वायरीचा तेवढ्या लांबीचा रोध सुमारे ०.६ ओहम. कंप्रेसरची मोटर सुरू होताना नेहमीच्या पाच-सहापट करंट खेचते. ५० अँपिअर धरले तरी ३० व्होल्ट वाटेतच जातात. मोटर उचलत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते. ६ चौ. मिमी वायर टाकली तर ही घट १२ व्होल्टवर येते. शेडची लाइन मेन बोर्डावरून, स्वतंत्र एमसीबीवरच घ्यावी.

गैरसमज २ : एमसीबी आहे, म्हणजे शॉकची भीती नाही.
वस्तुस्थिती : एमसीबी वायरीला वाचवतो, माणसाला नाही. छातीतून गेलेले ५०-१०० मिलिअँपिअरही जीव घेऊ शकतात आणि १६ अँपिअरच्या एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी हवी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून पूर्ण परतला नाही, की ती क्षणात लाइन तोडते. एमसीबी सारखा पडतो म्हणून तीच वायर ठेवून मोठा एमसीबी बसवणं म्हणजे आगीला आमंत्रण.

गैरसमज ३ : शेडजवळ अर्थिंगचा खड्डा घेतला की झालं.
वस्तुस्थिती : सर्वांत घातक समज हाच. खड्ड्याचा रोध १० ओहम असेल आणि लेथच्या बॉडीला फेज लागला, तर जमिनीत फार तर २३ अँपिअर जातील. ३२ अँपिअरचा एमसीबी पडणारच नाही आणि लेथ तसाच शॉक मारत राहील. म्हणून खड्डा असला तरी आरसीसीबी हवीच, आणि घराच्या अर्थिंगपासून शेडपर्यंत अखंड अर्थ वायरही हवी. शेडमध्ये न्यूट्रललाच अर्थ जोडण्याचा उद्योग कधीही करू नये. वाटेत न्यूट्रल तुटला तर प्रत्येक यंत्राच्या बॉडीवर फेज येतो.

गैरसमज ४ : साधी वायर पाइपात घालून वीतभर खोल पुरली तरी चालते.
वस्तुस्थिती : जमिनीखालून आर्मर्ड केबलच न्यावी. ती सुमारे ७५ सेंटिमीटर खोल, वाळूच्या थरात ठेवून वर विटा लावाव्यात. पुढे कुणी कुदळ मारली तर आधी वीट लागते. केबलचं आर्मर अर्थिंगला जोडायला विसरू नये.

गैरसमज ५ : घरच्या मीटरवर काहीही चालवता येतं.
वस्तुस्थिती : वेल्डिंग मशीन आणि कंप्रेसर आले की मंजूर भार वाढवून घ्यावा लागू शकतो. घरगुती जोडणीवर कारखाना चालवला तर विद्युत कायदा, २००३ च्या कलम १२६ नुसार तो अनधिकृत वापर ठरू शकतो आणि आकारणी दुप्पट दराने होते.

काम परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्या. पैसे चुकते करण्याआधी अर्थिंगचा रोध मीटरवर मोजून दाखवायला सांगा, आरसीसीबीचं टेस्ट बटण स्वतः दाबून पाहा. ती पडली नाही, तर शेडमधलं एकही यंत्र सुरू करू नका.