नळीतला सिग्नल: हाड आणि रक्त एकमेकांशी काय बोलतात?

शिवाजी पेठेत रविवारी मटणाची नळी कुणाच्या ताटात पडली यावरून भावंडांत भांडणं होतात. ताटावर आपटून आपण जो मऊ गर ओढतो, ती मज्जा, म्हणजेच बोन मॅरो. आपलं रक्तही मज्जेतच तयार होतं. मोठ्या माणसात मुख्यतः कमरेच्या, मणक्यांच्या आणि छातीच्या हाडांत, सेकंदाला सुमारे २० लाख लाल पेशी!

या पेशी ज्यांच्यापासून बनतात त्या स्टेम सेल रक्ताबरोबर वाहून का जात नाहीत? तर सिग्नलमुळे. मज्जेतल्या आधारपेशी, ज्यांच्यातल्या काही पुढे हाड बांधायला लागतात, सीएक्ससीएल१२ नावाचं प्रथिन सोडतात. स्टेम सेलवर ते पकडणारा रिसीव्हर असतो, सीएक्ससीआर४. हॉटस्पॉट आणि फोन समजा. रेंज आहे तोवर स्टेम सेल जागा सोडत नाही.

गोची अशी की ल्युकेमियाच्या पेशींकडेही हाच रिसीव्हर असतो. त्या त्याच आडोशाला बसतात आणि काही केमोथेरपीतूनही वाचतात. मायलोमा हा मज्जेतलाच कॅन्सर तर आणखी बेरकी. तो हाड खाणाऱ्या पेशींना चेव आणतो, बांधणाऱ्यांना गप्प बसवतो. हाड झिजलं की त्यात साठलेले वाढीचे घटक सुटतात आणि कॅन्सरलाच खुराक मिळतो. म्हणून आजीची पाठदुखी महिनोन्‌महिने जात नसेल, सोबत अशक्तपणा असेल, तर नुसता बाम चोळू नका. डॉक्टरांना दाखवा, रक्त तपासून घ्या.

हाच सिग्नल डॉक्टरांच्याही कामाचा आहे. १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातलं पहिलं बोन मॅरो ट्रान्सप्लांट केलं. त्या काळी दात्याची मज्जा कमरेच्या हाडातून सुईने काढत. आता बहुतेक वेळा चार-पाच दिवस जी-सीएसएफची इंजेक्शनं देतात. त्याने मज्जेतली रेंज कमी होते आणि स्टेम सेल रक्तात उतरतात. पेशंटच्या स्वतःच्याच पेशी घ्यायच्या असतील आणि त्या पुरेशा निघत नसतील, तर प्लेरिक्साफॉर हे औषध रिसीव्हरच अडवतं, थेट एअरप्लेन मोड! मग हाताच्या शिरेतून रक्त मशिनमध्ये जातं, स्टेम सेल वेगळ्या होतात, उरलेलं रक्त परत अंगात.

पेशंटला त्या सलाइनसारख्या शिरेतून देतात. हाडापर्यंतचा रस्ता त्या त्याच सीएक्ससीएल१२च्या मागावर स्वतः शोधतात.

सख्खं भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता फक्त २५ टक्के, म्हणून अनोळखी दाते लागतात. नोंदणीला सुई नाही, गालाच्या आतून कापसाचा बोळा फिरवला की झालं.