यीस्टच्या पेशींतील उलटी नक्कल

पाव फुगविणारें यीस्ट वाचकांस परिचित आहेच. त्याच्या पेशींतील जनुक हा मूळ दस्त, आरएनए ही त्याची नक्कल. तिच्याबरहुकूम प्रथिन घडतें. उपासमारींत गुणसूत्रें निम्मीं करून बीजाणु बनविण्यास ‘आयएमई-४’ हें जनुक लागतें. गुणसूत्रांचा एकच संच असलेल्या पेशीनें हा उद्योग केल्यास तिचा नाशच! परंतु तेथें त्याच दस्ताची दुसऱ्या टोकाकडून उलटी नक्कल चालू असते, म्हणून सुलटी पुरी होत नाहीं, असें अमेरिकेंत जेराल्ड फिंक प्रभृतींनीं २००६ सालीं दाखविलें. उलटी नक्कल अन्यत्र तयार करून उपयोग नाहीं; अडथळा लिहिण्याचाच असतो. एक कारकून दस्त घेऊन बसला कीं दुसरा खोळंबतो, हें आम्ही कचेरींत पुष्कळ पाहिलें आहे. दोन संचांच्या पेशींत मात्र दोन प्रथिनें मिळून उलट्या लेखनाचा आरंभच रोखतात. मग सुलटी नक्कल निर्वेध उतरते.