ग्रॅनाईटच्या ओट्यावर तेलाचा डाग पडतोच कसा? आणि सीलर मारल्याने खरंच फरक पडतो का?

गेल्या वर्षी आमच्या घरी किचनचं काम निघालं. ३० वर्षं वापरलेला काळा कडप्पा काढला आणि आईच्या हौसेखातर पांढरा, बारीक करड्या ठिपक्यांचा ग्रॅनाईटचा ओटा बसवला. दुकानदाराने सांगितलं होतं, "ताई, ग्रॅनाईट आहे. काही होत नाही. फडकं मारायचं, विषय संपला."

विषय पंधराव्या दिवशी सुरू झाला. कैरीच्या लोणच्याची बरणी रात्रभर ओट्यावर राहिली. बुडाशी ओघळलेलं तेल होतं. सकाळी बरणी उचलली, तर खाली पिवळट तपकिरी रंगाचा गोल. साबण झाला, गरम पाणी झालं, तारेची घासणी झाली. गोल जागचा हलला नाही. त्यानंतर आईने ओट्यावर वर्तमानपत्र अंथरून स्वयंपाक करायला सुरुवात केली. ज्या ओट्यासाठी इतका खर्च केला, तो दिसेनासाच झाला.

मग मी शोधायला बसलो, की दगडावर डाग पडतो म्हणजे नेमकं होतं काय? आणि लोक ते 'सीलर, सीलर' म्हणतात ते काय प्रकरण आहे?

तर पहिली गोष्ट, दगड भरीव दिसतो पण तो पूर्ण भरीव नसतो. ग्रॅनाईट म्हणजे क्वार्ट्झ, फेल्डस्पार आणि अभ्रकाचे स्फटिक एकमेकांत घट्ट अडकून तयार झालेला दगड. या स्फटिकांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी राहतात. पॉलिश केल्यावर वरचा भाग आरशासारखा चमकतो, पण पॉलिशने त्या फटी बुजत नाहीत. पाणी, तेल, चहा, जे काही वर सांडेल ते हळूहळू त्या फटींतून आत शिरतं. पाणी उडून जातं. तेल उडत नाही, ते आतच बसतं.

आता यात हळद घाला. हळदीचा रंग ज्याच्यामुळे असतो ते कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, पण तेलात मस्त विरघळतं. म्हणजे आपली फोडणी ही दगडासाठी तयार केलेली शाईच आहे. तेल वाहक आणि हळद रंग. परदेशातल्या वेबसाईट वाचल्या तर तिकडे सगळी चिंता रेड वाईन आणि कॉफीची असते. आपल्याकडचा खरा व्हिलन लोणच्याचा खार आणि तर्री आहे.

दुसरी गोष्ट, आपण ज्याला सरसकट 'डाग' म्हणतो ते दोन वेगळे प्रकार आहेत आणि इथेच बहुतेक लोकांचे पैसे वाया जातात.

एक म्हणजे मुरलेला डाग. तेल, हळद, चहा आत गेला आणि दगड त्या जागी गडद झाला. दुसरा म्हणजे खाल्लेला डाग. लिंबू पिळताना चार थेंब पडले, आणि पुसल्यावर तिथे चमक गेलेला, हात फिरवला तर किंचित खरखरीत लागणारा पांढुरका ठिपका राहिला. इथे आत काहीच गेलेलं नसतं. उलट दगडाचाच वरचा पापुद्रा गेलेला असतो. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. त्यावर आम्ल पडलं की रासायनिक क्रिया होते, कार्बन डायऑक्साईड निघून जातो आणि तेवढा दगड विरघळतो. लिंबू, चिंचेचा कोळ, कोकमाचं आगळ, व्हिनेगर, टोमॅटो, ताक, सगळे या यादीत.

सीलर पहिल्या प्रकारावर काम करतो. दुसऱ्यावर नाही. कितीही महागाचा मारा, संगमरवरावर लिंबू पिळलं की डाग येणारच. तो काढायचा तर पुन्हा पॉलिश करावं लागतं.

आणि गंमत बघा, अमेरिकेत बांधकामाच्या दगडांसाठी जी मानकं आहेत, त्यात ग्रॅनाईटने स्वतःच्या वजनाच्या जास्तीत जास्त ०.४ टक्के पाणी शोषलं तर चालतं. संगमरवरासाठी हीच मर्यादा ०.२ टक्के आहे. म्हणजे मुरण्याच्या बाबतीत संगमरवर ग्रॅनाईटपेक्षा वाईट आहे असं काही नाही. तो बदनाम आहे तो आम्लामुळे.

मग आपला कडप्पा कुठे बसतो? आंध्र प्रदेशातल्या कडप्पा भागातून येणारा हा काळा दगड अनेकांना ग्रॅनाईटचाच गरीब भाऊ वाटतो. पण तो चुनखडीचा दगड आहे. कलबुर्गी जिल्ह्यातली शहाबादी फरशी आणि राजस्थानची कोटा फरशीसुद्धा चुनखडीच. त्यामुळे कडप्प्यावरही लिंबू आणि चिंचेचे पांढरे ठिपके पडतात. आपल्या आज्या त्यावर तेलाचा हात फिरवायच्या, त्याने ते ठिपके झाकले जायचे आणि दगड काळाभोर दिसायचा. दगड आधीच काळा, त्यात तेल मुरलं तरी कुणाला दिसतंय! पाटा-वरवंट्याचं तसंच. तो आपल्या सह्याद्रीचा बेसॉल्ट. पिढ्यान्‌पिढ्या त्यावर ओली हळद वाटली, पण सील करायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. डागांची भीती आपल्या घरात आली ती पांढऱ्या दगडासोबत.

सीलर म्हणजे नक्की काय?

सीलर म्हणजे वॉर्निश नाही. ओट्यासाठी जो वापरतात त्याला पेनिट्रेटिंग सीलर किंवा इम्प्रेग्नेटर म्हणतात. तो पाण्यासारखा पातळ असतो. दगडावर ओतला की फटींमधून आत शिरतो, त्यातलं पाणी किंवा सॉल्व्हंट उडून जातं आणि फटींच्या भिंतींना एक अतिशय पातळ अस्तर चिकटून राहतं. रेनकोटच्या कापडावर पाणी कसं मोत्यासारखं गोळा होऊन घरंगळतं, तसं दगडाचं होतं.

इथे बाटली घेताना एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. सायलेन किंवा सिलोक्सेनवर बनलेले साधे सीलर पाण्याला चांगले अडवतात, तेलाला तितके नाही. तेलालाही अडवायचं असेल तर फ्लोरोपॉलिमर असलेला सीलर लागतो. दुकानात 'वॉटर रिपेलंट' आणि 'ऑइल अँड वॉटर रिपेलंट' अशा दोन बाटल्या शेजारी ठेवलेल्या असतात, दुसरी महाग असते आणि आपण पहिली उचलतो. मराठी स्वयंपाकघरासाठी दुसरीच घ्या. लेबलवर किचनसाठी आणि अन्नाच्या संपर्कासाठी चालते असं लिहिलंय का तेही बघा, कारण आपल्यापैकी बरेच जण ओट्यावरच कणीक मळतात आणि भाकरी थापतात.

आणि सीलर डाग थांबवत नाही, वेळ देतो. न सील केलेल्या पांढऱ्या दगडात तेल काही मिनिटांत आत जायला लागतं. सील केलेल्यात तुम्हाला हातातलं काम संपवून पुसायला वेळ मिळतो. रात्रभर बरणी ठेवली तर सीलरही हात टेकतो.

आपल्या ओट्याला गरज आहे का, हे कसं ओळखायचं?

सोपं आहे. ओटा कोरडा असताना तीन-चार ठिकाणी पाण्याचे मोठे थेंब टाका. एक सिंकजवळ, एक गॅसजवळ, एक कोपऱ्यात. १० ते १५ मिनिटं थांबा, मग पुसा. खालची जागा गडद झाली असेल तर दगड पाणी पितोय, सीलर हवा. काहीच फरक नसेल तर नको.

'नको' म्हणजे खरंच नको. आंध्रच्या प्रकाशम जिल्ह्यातल्या चिमाकुर्तीहून येणारा ब्लॅक गॅलेक्सी, म्हणजे काळ्यात सोनेरी चांदण्या असलेला दगड, बाजारात ग्रॅनाईट म्हणून विकला जातो. भूगर्भशास्त्राच्या भाषेत तो गॅब्रो जातीचा, जास्त घट्ट दगड आहे. अशा दगडात सीलर आत जातच नाही. वरच राहतो आणि वाळून पांढुरका, चिकट थर होतो. मग लोक म्हणतात सीलर खराब निघाला.

काळ्या दगडाबाबत एक चाचणी मात्र घेण्याआधीच करा. काही वेळा हलक्या, करड्या दगडाला रंग देऊन 'जेट ब्लॅक' म्हणून विकतात. पांढऱ्या कापडावर थोडं अ‍ॅसिटोन घेऊन दगड घासा. कापड काळं झालं तर दुकान बदला.

आणि ज्यांच्याकडे क्वार्ट्झचा ओटा आहे, त्यांनी हा सगळा खटाटोप विसरा. तो कारखान्यात दगडाचा चुरा आणि रेझिन एकत्र करून बनतो, त्याला सीलर लागत नाही. पण रेझिनला उष्णता सोसत नाही, त्यामुळे त्यावर गॅसवरून उतरवलेला कुकर थेट ठेवू नका.

आता आमच्या गोलाकडे येऊ. डागावरच सीलर मारला तर डाग आत कायमचा कोंडला जातो, त्यामुळे आधी तो काढणं भाग होतं. त्याची पद्धत जुनी आहे आणि ती कुठे वापरली जाते माहितीये? ताजमहालावर. मकराण्याचा तो संगमरवर पिवळा पडायला लागला म्हणून भारतीय पुरातत्त्व खात्याने १९९४ पासून अनेकदा त्यावर मुलतानी मातीचा लेप लावला. लेप वाळताना दगडातली घाण शोषून घेतो, मग तो धुऊन टाकतात. चेहऱ्याला लावतात तोच फेसपॅक.

ओट्यावरही तेच करायचं. तेलाच्या डागासाठी खाण्याचा सोडा किंवा मुलतानी माती पाण्यात कालवून श्रीखंडासारखी घट्ट करा. डागावर पाव इंच जाड थर द्या, वर प्लॅस्टिक टाकून कडा टेपने चिकटवा, २४ तास ठेवा. मग प्लॅस्टिक काढा आणि लेप पूर्ण वाळू द्या. ही वाळण्याची पायरी लोक गाळतात, आणि खरं काम तिथेच होतं. लेपातलं पाणी वर उडताना आतलं द्रव लेपाकडे खेचलं जातं. एकदा करून भागत नाही, दोन-तीन वेळा करावं लागतं.

हळदीच्या पिवळेपणासाठी पाण्याऐवजी मेडिकलमध्ये मिळणारं हायड्रोजन पेरॉक्साईड घ्यायचं, पण फक्त फिकट दगडावर. काळ्या दगडाचा रंग त्याने उतरू शकतो. आधी कोपऱ्यात करून बघा आणि हातमोजे घाला. सोडा लागल्यावर हळद लालसर झाली तर घाबरू नका. हळदीला चुना लागला की कुंकू होतं, हे तेच रसायन आहे. उन्हातही हळद फिकी पडते, पण ओटा उन्हात ठेवण्याची सोय कुणाकडे असणार!

रीलमध्ये दिसणारा 'व्हिनेगर आणि सोडा' हा जुगाड मात्र करू नका. फेस छान दिसतो. पण दोघं एकमेकांना मारून टाकतात, उरतं ते जवळजवळ खारट पाणी. आणि दगड संगमरवर किंवा कडप्पा असेल तर व्हिनेगर त्यालाच खातं. तारेची घासणी आणि बाथरूमचं अ‍ॅसिडही लांब ठेवा. रोजच्यासाठी कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पुरतात.

सीलर मारायला मिस्त्री बोलवायची गरज नाही. १० फूट बाय २ फुटांचा ओटा म्हणजे २० चौरस फूट, अर्धा लिटरची बाटली त्याला पुरून उरते. आधी ओटा धुऊन पूर्ण २४ तास कोरडा ठेवायचा. सॉल्व्हंट असलेला सीलर पेट घेतो, म्हणून सिलिंडर बंद, देवाजवळची समई-निरांजन बंद, खिडक्या उघड्या. मऊ कापडाने सगळीकडे सारखा लावायचा, बाटलीवर दिलेला वेळ थांबायचं, साधारण ५ ते १५ मिनिटं, आणि तो वाळायच्या आत जास्तीचा सगळा पुसून घ्यायचा. इथे फोन आला आणि विसरलात तर डागळलेल्या काचेसारखा थर बसतो. तसं झालंच, तर त्याच सीलरने ती जागा पुन्हा ओली करून लगेच पुसायची. दगड जास्त पीत असेल तर दुसरा हात मारायचा. त्यानंतर एक दिवस पाणी लागू द्यायचं नाही.

किती दिवस टिकतो? ग्रॅनाईटवर साधारण एक ते तीन वर्षं, संगमरवरावर त्याहून कमी, बऱ्याचदा सहा महिने ते वर्षभर. 'लाइफटाइम' लिहिलेल्या बाटलीपेक्षा स्वतःच्या थेंबांवर विश्वास ठेवा. दर सहा महिन्यांनी पाण्याची चाचणी केली की कळतं.

आमच्याकडे लेपाचे तीन हात झाले. पहिल्यानंतर काहीच दिसलं नाही आणि आईने 'म्हटलं होतं ना' असं तोंड केलं. दुसऱ्यानंतर वाळलेला सोडा पिवळट निघाला. तिसऱ्यानंतर गोल इतका फिका झाला, की नेमका कुठे आहे ते माहीत असेल तरच दिसावा. रविवारी सीलर मारला, दिवसभर बाहेरून मिसळ आणि पार्सल आणलं. सोमवारी आईने स्वतः चमच्याने पाणी टाकून थेंब घड्याळ लावून मोजले. मंगळवारी वर्तमानपत्र रद्दीत गेलं.

लोणच्याच्या बरणीखाली आता स्टीलची ताटली असते. आणि त्या फिक्या गोलावर मिक्सर ठेवलाय.