चित्राबरोबर चित्रकाराचें नांव

नभोवाणीवरून चित्रांविषयीं बोलणें हा प्रकार थोडा विलक्षणच आहे. मला तुम्हांला एकहि चित्र दाखवितां येत नाहीं, आणि माझें बोट कोणत्या रेषेवर आहे तें तुम्हांला दिसत नाहीं. तरीहि आजचा विषय मीं मुद्दाम घेतला आहे. शब्दांची सोबत नसलेलें चित्र परक्या घरीं गेलें म्हणजे त्याची काय दशा होते, तें गेल्या पावसाळ्यांत मीं पाहिलें. आणि त्या दशेला माझाहि हात लागला होता.

मी नावड्यास राहतों. पनवेल महानगरपालिकेच्या हद्दींतील हें गांव. जवळच तळोज्याची औद्योगिक वसाहत आहे, गांवालगत सिडकोची नवी वस्ती उभी राहिली आहे, आणि दिवा-पनवेल लोहमार्गावर ‘नावडे रोड’ नांवाचें आमचें लहानसें स्थानक आहे. माझ्या हाताखालीं चौथीपर्यंत शिकलेली एक मुलगी आतां मोठी झाली असून उत्तम जलरंगचित्रें काढते. पाण्यानें भरलेलीं भाताचीं खाचरें आणि त्यांत उतरलेलें आभाळ, असें एक चित्र तिनें काढलें व समाजमाध्यमावर ठेविलें. त्या खाचरांच्या जागीं आज इमारती आहेत. चित्राखालीं तिनें कांहींच लिहिलें नव्हतें. सही करण्याचाहि तिला संकोच वाटे.

कांहीं आठवड्यांनीं तेंच चित्र आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप समूहावर आलें. त्याच्या आभाळावर गुलाबी अक्षरांत ‘शुभ सकाळ’ असें कोणी तरी छापलें होतें. मला तें फार आवडलें. मीं तें तीस-चाळीस जणांना पुढें पाठविलें; त्यांत त्या मुलीचे वडीलहि होते. संध्याकाळीं ती घरीं आली. तिच्या हातांत एक रोजनिशी होती, व तिच्या वेष्टनावर तेंच चित्र छापलेलें होतें. दुसऱ्या एका शहरांतील दुकानांतून तिनें ती १२० रुपये देऊन विकत घेतली होती.

ती म्हणाली, “गुरुजी, तुम्हांला चित्र आवडलें ना? मग तें माझें आहे असें कां नाहीं लिहिलेंत?”

मीं म्हटलें, “मला तें ठाऊकच नव्हतें.”

क्षणभर थांबून ती म्हणाली, “खरें आहे. मींच कोठें लिहिलें होतें?”

तिच्या त्या उत्तरांत आजच्या भाषणाचें सारें सूत्र आहे. समाजमाध्यमावर चित्र ठेवणें म्हणजे तें प्रवासाला धाडणें होय. प्रवासाला निघालेल्या मुलाच्या खिशांत आपण नांवपत्त्याची चिठ्ठी घालतों. चित्राच्या बाबतींत मात्र आपण ती विसरतों, आणि मग तें हरवलें म्हणून हळहळतों.

हा प्रश्न अगदींच नवा आहे असें समजूं नये. राजा रविवर्मा यांनीं १८९४ सालीं मुंबईंत शिळाछापखाना काढला व पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला. तोंपर्यंत तैलचित्र म्हणजे राजवाड्यांत आणि धनिकांच्या दिवाणखान्यांत दिसणारी वस्तु होती. छापील चित्रांमुळें लक्ष्मी, सरस्वती आणि शकुंतला सामान्य गृहस्थाच्या भिंतीवर आल्या. धंदा म्हणून त्या छापखान्यानें रविवर्म्यांना सुख दिलें नाहीं. तो त्यांना विकावा लागला. पण चित्र घरोघर गेलें तेव्हां छापखान्याचें नांव त्याच्या तळाशीं होतें, म्हणूनच आजहि जुन्या वाड्यांतील धुरकट तसबिरीकडे पाहून आपण ‘हा रविवर्मा’ असें म्हणतों.

आतां याच्या उलट उदाहरण पाहूं. डहाणू-तलासरीकडील वारली घरांत लग्नाच्या वेळीं सुवासिनी भिंतीवर तांदळाच्या पिठानें चौक लिहितात. तें धर्मकृत्य असल्यामुळें त्यावर सही करण्याचा प्रश्नच नव्हता. जिव्या सोमा म्हसे यांनीं १९७० नंतरच्या दशकांत ही कला कागदावर व कापडावर आणून देशाबाहेर पोहोंचविली; २०११ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ सालीं ते निवर्तले. परंतु आज पेल्यांवर, पडद्यांवर व पिशव्यांवर जीं वारली चित्रें दिसतात, त्यांतील बहुतेकांवर कोणाहि चित्रकाराचें नांव नसतें. कला सर्वत्र पोहोंचली, पण कलावंत मागें राहिला.

मग आजच्या चित्रकारानें काय करावें? पहिली गोष्ट परिचयाची. इन्स्टाग्राम असो वा फेसबुक, खातें उघडतांच परिचयासाठीं थोडी जागा मिळते. तेथें विशेषणें नकोत. ‘रंगांचा यात्री’, ‘स्वप्नांचा शिल्पकार’ अशा पदव्यांनीं पाहणाऱ्यास कांहींच कळत नाहीं. नांव, गांव, कोणत्या माध्यमांत काम करतां, मागणीप्रमाणें चित्र काढून देतां कीं नाहीं, आणि तुमच्याशीं संपर्क कसा साधावा, एवढें पुरे. सर्व माध्यमांवर एकच नांव ठेवावें, म्हणजे शोधणारा चुकत नाहीं. संपर्कासाठीं घरचा पत्ता न देतां कामापुरता वेगळा ईमेल द्यावा.

दुसरी गोष्ट छायाचित्राची. चित्र उत्तम असूनहि मोबाइलवर मलूल दिसतें, तें बहुधा फोटो काढण्याच्या दोषानें. चित्र खिडकीजवळच्या उजेडांत ठेवावें, पण त्यावर थेट ऊन पडूं देऊं नये. फ्लॅश लावूं नये. कांचेची चौकट असल्यास कांच काढावी, नाहीं तर चित्राऐवजीं आपलेंच प्रतिबिंब टिपलें जातें. मोबाइल चित्राशीं समांतर धरावा. तो तिरपा झाला कीं चौकोनाचा पतंग होतो. एक फोटो पूर्ण चित्राचा, एक कुंचल्याच्या फटकाऱ्याचा जवळून, आणि एक भिंतीवर टांगलेल्या अथवा हातांत धरलेल्या चित्राचा, असे तीन फोटो असावेत.

तिसऱ्या फोटोचें कारण असें कीं, मोबाइलच्या पडद्यावर दहा फुटांचें भित्तिचित्र व पोस्टकार्डाएवढें रेखाटन हीं दोन्ही सारख्याच आकाराचीं दिसतात. रंगांचीहि अशीच फसगत होते. कागदावरील रंग प्रकाशाचा कांहीं भाग शोषून उरलेला परत पाठवितो. पडदा मात्र लाल, हिरवा व निळा प्रकाश स्वतःच बाहेर टाकतो. त्यामुळें दोन्हींकडील रंग तंतोतंत जुळत नाहींत. म्हणून फोटो मूळ चित्राशेजारीं धरून ताडून पाहावा, आणि रंग खुलविणाऱ्या चाळण्यांपासून दूर राहावें.

आमच्या जिल्ह्यांतील पेण हें गणेशमूर्तींच्या कारखान्यांसाठीं सर्वांना ठाऊक आहे. मोबाइलवर मूर्ति पाहून मागणी नोंदविणाऱ्या गृहस्थानें उंची विचारली नाहीं, तर देव्हाऱ्यांत न मावणारा गणपति घरीं येतो! दोष मूर्तिकाराचा नसला तरी हिरमोड दोघांचाहि होतो. त्याच कारखान्यांतील माती मळणें, साच्यांतून मूर्ति काढणें, ती सुकविणें, रंग देणें आणि शेवटीं डोळ्यांची आखणी करणें, हा क्रम थोडा थोडा दाखविला तर गिऱ्हाइकास किंमतीचें कारण न सांगतां कळतें. चित्रकारानेंहि अपुरें काम दाखविण्यास लाजूं नये. श्रम दिसले म्हणजे घासाघीस कमी होते.

तिसरी गोष्ट शब्दांची, आणि माझ्या मतें हीच मुख्य होय. मुंबईची बॉम्बे आर्ट सोसायटी १८८८ सालीं स्थापन झाली. कोणत्याहि नीटस प्रदर्शनांत चित्राशेजारीं एक लहान चिठ्ठी असते: चित्रकाराचें नांव, चित्राचें नांव, माध्यम. समाजमाध्यमावर ही चिठ्ठी आपणच लिहावयाची असते. ‘भरलेलीं खाचरें, नावडें, कागदावर जलरंग, २८ × ३८ सेंटिमीटर’ आणि त्यापुढें सन, एवढ्यानें चित्राला कूळ मिळतें. आधीं उंची व मग रुंदी, असा सामान्य प्रघात आहे. चित्र विक्रीस असेल तर तसें लिहावें. किंमत जाहीर करावयाची नसेल तर ‘किंमतीसाठीं लिहावें’ असें म्हणावें. त्यापुढें दोन-चार वाक्यांत चित्र कशाचें आहे, तें कां काढलें, हें सांगावें.

हीं वाक्यें कशीं लिहावींत, असें त्या मुलीनें मला विचारलें. मीं सांगितलें कीं, नभोवाणीच्या श्रोत्याला सांगावें तशीं लिहावींत. ‘अप्रतिम सौंदर्य’ म्हटल्यानें श्रोत्याला कांहीं दिसत नाहीं. ‘बांधावर एक बगळा, पाण्यांत विजेच्या खांबाची वांकडी सावली’ म्हटलें कीं दिसतें. दृष्टि नसलेली माणसेंहि मोबाइल वापरतात. पडद्यावरचा मजकूर त्यांना यंत्र वाचून दाखवितें. अशा वर्णनासाठीं इन्स्टाग्रामवर स्वतंत्र जागाहि आहे. ती बहुतेक चित्रकार रिकामीच ठेवितात.

परंतु खालचा मजकूर वर सांगितल्याप्रमाणें सहज गळून पडतो. फोटो पुढें जातो, शब्द मागें राहतात. म्हणून चित्रावर सही असावीच, आणि ती अगदीं कडेला नसावी, कारण कड कापतां येते. समाजमाध्यमावर लहान आकाराचा फोटो द्यावा. छपाईस योग्य असा मोठा फोटो घरींच जपून ठेवावा. यानें चोरी अशक्य होत नाहीं, पण अवघड होते.

येथें कायद्याचे दोन शब्द सांगतों. आपल्या देशाच्या १९५७ च्या कायद्याप्रमाणें चित्र निर्माण होतांच त्याचा स्वामित्वहक्क उत्पन्न होतो. त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं. चित्रकाराच्या हयातींत व त्यानंतर साठ वर्षें तो चालतो. मूळ चित्र विकलें म्हणून तें छापण्याचा हक्क आपोआप विकला जात नाहीं. मात्र कोणी मोबदला देऊन चित्र काढून घेतलें, तर वेगळा करार नसल्यास पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा असतो. म्हणून अशा कामाचा करार लेखी करावा. याशिवाय ‘हें माझें काम आहे’ असें म्हणण्याचा कर्त्याचा हक्क कायदा स्वतंत्रपणें मानतो. दिल्लीच्या विज्ञानभवनांतील अमरनाथ सहगल यांचें भित्तिशिल्प काढून त्याची हेळसांड झाली, तेव्हां दिल्ली उच्च न्यायालयानें २००५ सालीं सरकारविरुद्ध निकाल देऊन त्यांना पांच लाख रुपये भरपाई व शिल्पाचे अवशेष परत देवविले. कामाची मानहानि ही कर्त्याचीहि हानि आहे, हें त्या निकालानें दाखविलें.

चौथी गोष्ट मनाची. चित्राखालीं आवडीच्या खुणा किती पडल्या, यावर दिवसाची सुखदुःखें ठरूं देऊं नयेत. कोणतें चित्र किती जणांपुढें ठेवावें हें तेथें यंत्र ठरवितें, आणि माणूस पडद्यापाशीं किती वेळ खिळून राहतो हेंहि तें मोजतें. त्याला कलेची पारख नाहीं. खुणा मिळतात म्हणून जो चित्रकार तेंच तेंच फूल शंभरदां काढतो, तो हळूहळू स्वतःचाच नकलाकार होतो. आठवड्यास एकच काम दाखवावें, पण तें मनापासून दाखवावें. कोणी प्रश्न विचारला तर उत्तर द्यावें. दुसऱ्याचें चांगलें काम दिसलें तर त्याच्या नांवासह त्याची स्तुति करावी.

आणखी एक सावधगिरी. समाजमाध्यम हें दुसऱ्याच्या ओट्यावर मांडलेलें दुकान आहे. ओट्याच्या मालकानें नियम बदलले, किंवा कोणी खातें बळकावलें, तर एका रात्रींत सारें जाऊं शकतें. म्हणून चित्रांचे फोटो, त्यांची माहिती व गिऱ्हाइकांचे पत्ते आपल्या वहींत किंवा संगणकावर वेगळे ठेवावेत. खात्यास दुहेरी कुलूप लावावें; परवलीच्या शब्दाशिवाय दुसरा संकेतांकहि मागण्याची सोय तेथें असते. आणि ‘तुमचें चित्र घेतों, पैसे पाठवितों, फक्त तुमचा पिन टाका’ असें कोणी म्हणाला तर सावध व्हावें. मोबाइलवरून पैसे घेण्यासाठीं पिन लागत नाहीं. तो देण्यासाठीं लागतो.

श्रोतेहो, येथपर्यंत चित्रकारांना उपदेश झाला. पण चित्र पुढें धाडणारे हात आपले आहेत. त्या संध्याकाळीं मीं त्याच तीस-चाळीस जणांना पुन्हां एक निरोप लिहिला: ‘सकाळीं पाठविलेलें खाचरांचें चित्र आपल्या नावड्याच्या एका मुलीनें काढलें आहे. नांव न देतां तें मीं पाठविलें, ही माझी चूक झाली.’ त्याखालीं मीं तिचें नांव लिहिलें व मूळ चित्रहि जोडलें. त्यावर गुलाबी अक्षरें नव्हतीं. बहुतेकांनीं उत्तर दिलें नाहीं. सहा-सात जणांनीं तिचें कौतुक केलें. तिच्या वडिलांनीं मात्र एकच वाक्य लिहिलें: ‘हें घरींच काढलेलें आहे, हें मला माहीत नव्हतें.’

रोजनिशी विकणाऱ्या दुकानाकडे तिनें लेखी तक्रार पाठविली आहे. उत्तराची ती वाट पाहत आहे. तिच्या नव्या चित्रावर मात्र, डाव्या बाजूच्या बांधाच्या जरा वर, तिची सही आहे. उद्यां सकाळीं तुमच्या मोबाइलवर एखादें सुंदर चित्र आलें, तर पुढें पाठविण्यापूर्वीं एवढें विचारा: हें कोणी काढलें? उत्तर मिळालें तर तें चित्राबरोबर पाठवा. चित्रकाराला तुमच्या आवडीच्या खुणेपेक्षां त्याचा अधिक उपयोग होईल.