सदाफुलीचा काढा आणि दोन मिलिग्रॅम

सांगलीहून आत्याचा दर रविवारी फोन येतो. शेजारच्या काकूंना लिम्फोमा निघाला, आर-चॉप नावाची केमो सुरू झाली, तेव्हा तिने विचारलं, "अगं, तुमच्या त्या केमोत सदाफुलीच असते म्हणे. मग दारातल्या पानांचा काढा दिला तर काय वाईट?" हाच निरोप इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरून गेलाय, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी लीड्समध्ये हॉस्पिटलच्या फार्मसीत केमोची औषधं तयार करते.

आत्याचं अर्धं बरोबर आहे. सदाफुली मूळची मादागास्करची, पण आपल्या अंगणात इतकी रुळलीय की परकी वाटतच नाही. मधुमेहावर तिचा काढा घ्यायची चाल बऱ्याच देशांत होती. १९५०च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल यांच्याकडे जमैकाहून पानं पोचली ती त्याच समजुतीमुळे. प्रयोगात साखर काही उतरली नाही, पांढऱ्या पेशी मात्र भराभर कमी झाल्या. त्यातून १९५८ साली व्हिन्ब्लास्टिन हाती आलं आणि १९६३ मध्ये अमेरिकेत व्हिन्क्रिस्टिनला मान्यता मिळाली. काकूंच्या आर-चॉपमध्ये आहे ते हेच.

एका पेशीच्या दोन होताना आत जे बारीक धागे ताणले जातात, ते हे औषध तयारच होऊ देत नाही. पेशी मध्येच अडकते आणि मरते. पण तसलेच धागे आपल्या नसांनाही लागतात. म्हणून बोटं बधिर होतात, शर्टाची बटणं लावता येत नाहीत, पोट साफ होत नाही. डोस म्हणूनच जपून मोजायचा: शरीराच्या दर चौरस मीटरला १.४ मिलिग्रॅम, आणि मोठ्या माणसाला सहसा एका वेळी २ मिलिग्रॅमच्या वर नाही.

काढ्यात किती उतरलं, हे कोण मोजणार? एक ग्रॅम व्हिन्क्रिस्टिन काढायला शेकडो किलो वाळलेली पानं लागतात. म्हणजे कॅन्सरवर चालेल इतकं कपभर काढ्यात असणं शक्य नाही. उलट पानांत इतर डझनावारी अल्कलॉइड असतात, आणि ती केमो चाललेल्या शरीरात काय करतील याचा नेम नाही. 'नैसर्गिक आहे, अपाय होत नाही' हे तर या झाडाबद्दल म्हणूच नये.

आपल्याकडचा आणखी एक धोका वेगळाच आहे. गजकर्णासाठी सर्रास दिली जाणारी इट्राकोनॅझोलची गोळी. तिच्यामुळे यकृताकडून व्हिन्क्रिस्टिनचा निचरा मंदावतो आणि नसांचा त्रास एकदम वाढतो. त्वचेच्या डॉक्टरांना केमोचं आणि केमोच्या डॉक्टरांना त्या गोळीचं सांगायलाच हवं.

औषध कुठून जातं, यावरही जीव अवलंबून असतो. व्हिन्क्रिस्टिन फक्त शिरेतून द्यायचं. २००१ साली नॉटिंगहॅममध्ये ल्युकेमियातून सावरत असलेल्या १८ वर्षांच्या मुलाला ते चुकून मणक्यातून दिलं गेलं. तो वाचला नाही. ल्युकेमियात काही औषधं मणक्यातूनच देतात, आणि दोन्ही सिरिंजा सारख्याच दिसत. २००८ पासून इथे मोठ्यांसाठी व्हिन्क्रिस्टिन सिरिंजमध्ये भरतच नाहीत, ५० मिलिलिटरच्या छोट्या पिशवीत देतात. एवढी पिशवी मणक्यात टोचायचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. मला हा उपाय फार आवडतो. त्यात माणसाच्या लक्षावर भिस्तच ठेवलेली नाही. तरी पिशवीवर मी लेबल लावते: फक्त शिरेतून, इतर मार्गाने दिल्यास प्राणघातक.

केमोच्या वेळी रुग्णाजवळ बसणार असाल तर सलाईनच्या हाताकडे लक्ष ठेवा. आग होतेय, सूज दिसतेय असं रुग्ण म्हणाला की लगेच नर्सला हाक मारा. ही औषधं शिरेबाहेर सांडली तर मांस जाळतात. आपणहून बर्फ लावू नका. डॉक्सोरुबिसिन सांडलं तर थंड शेक देतात, व्हिन्क्रिस्टिन सांडलं तर कोमट, आणि आर-चॉपमध्ये दोन्ही असतात.