लंडनचे वार्तापत्र : निदानानंतर घरच्यांना कोण शिकवणार?

लंडन : डिमेन्शियाचं, म्हणजे विस्मरणाच्या आजाराचं निदान इथे बहुधा ‘मेमरी क्लिनिक’मध्ये होतं. नंबर लागायला इथेही महिने जातात. पण निदान झालं की घरच्यांनाही समोर बसवून समजावतात. आई मुद्दाम छळत नाही, तिचा मेंदू साथ देत नाही. ‘माझे पैसे चोरले’ म्हणाली तर वाद घालू नका, शोधायला लागा. एका वेळी एकच गोष्ट विचारा. कपडे घालायच्या क्रमानेच काढून ठेवा. ‘ॲडमिरल नर्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परिचारिका हेच काम करतात; त्या पेशंटइतकंच त्याच्या घरच्यांनाही सांभाळतात.

दुसरी सोय पोलिसांची. नॉर्मंडीत लढलेले जॉर्ज हर्बर्ट या आजारात बालपणीचं घर शोधायला निघाले आणि त्यातच दगावले. त्यांच्या नावाचा एक फॉर्म घरचे आधीच भरून ठेवतात : ताजा फोटो, औषधं, जुने पत्ते, नेहमीच्या जागा. माणूस हरवला की तो फॉर्म पोलिसांच्या हाती देतात; चौकशीत वेळ जात नाही.

आमच्या नरसी नामदेव गावात काय होतं? मुळात निदानच क्वचित होतं. झालंच, तर हिंगोली-नांदेडहून गोळ्यांची चिठ्ठी घेऊन माणसं घरी येतात. पुढे ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणायचं आणि सगळा भार सुनेवर. भारतात असे रुग्ण सुमारे ८८ लाख आहेत, असा २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला अंदाज आहे.

इंग्लंडचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरं. पण शिकवायला फार पैसा लागत नाही, हे गोव्याने दाखवलंय. डॉ. अमित डायस आणि सहकाऱ्यांनी तिथल्या ८१ कुटुंबांचा अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध केला. स्थानिक कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन त्यांनी घरोघर पाठवलं. आजार समजावणं, रोजच्या अडचणींवर सल्ला देणं आणि सांभाळणाऱ्याचं ऐकून घेणं, एवढंच त्यांचं काम. सहा महिन्यांत सांभाळणाऱ्यांच्या मनावरचा ताण स्पष्टपणे हलका झाला.

हे काम आपल्या आशाताई करू शकतील. त्यांना प्रशिक्षण आणि वेगळं मानधन मात्र द्यायलाच हवं. परतवारी एकादशीला नरसीत मोठी गर्दी लोटते. त्या दिवशी कीर्तनकारांनी या आजारासाठी पंधरा मिनिटं द्यावीत. तोवर घरोघरी एक कागद तयार ठेवा : फोटो, नाव, गाव, फोन नंबर. आणि अडचण आली तर ज्येष्ठांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनला, १४५६७ वर, फोन करा; तो मोफत आहे.